दाराजवळचा बाक

"ही पेटी मी आता भरणार नाही! काय व्हायचं ते होऊ दे!"

नलिनीने पत्र्याच्या पेटीचं झाकण धाडकन लावलं आणि ती त्या झाकणावरच बसून राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. भर दुपारी, गॅसवर वरणाचा कुकर शिट्ट्या देत असताना, हातात दोन शर्ट आणि एक टॉवेल घेऊन उभा असलेला सुभाष तिच्याकडे पाहतच राहिला...

"नलू, ऊठ. वाद घालायला वेळ नाही. संध्याकाळची बस धरून खातेगावला जाऊ. तिथं मंडीत माझ्या ओळखीचा माणूस आहे."

"खातेगावला? अहो, खातेगाव सोडूनच तर आपण इथं धारला आलो! त्याच्याआधी लोहारदा, त्याच्याआधी पीथमपूर, त्याच्याआधी इंदूरला तीन ठिकाणी... जिथं तुळस लावली आणि ती फुटायच्या आत आपण निघालो नाही, असं एक तरी गाव दाखवा मला!"

आतल्या खोलीतून किमयाने डोकं बाहेर काढलं. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली ही पोर सहा शाळांमधून हिंदी शिकत मोठी झाली होती, आणि रागावली की तिच्या मराठीचा पार हिंदीत पाय घसरायचा. "बाबा, अगले महीने माझी फायनल आहे! मी कहीं नहीं जाणार, आत्ताच सांगून ठेवते!"

"ऐकलंत?" नलिनी म्हणाली. "मला एकच सांगा... मालक काही बोलले का? कुणाशी भांडण झालं का?"

"नाही."

"मग कशाला पळायचं? कुणापासून पळायचं?"

सुभाषने हातातले शर्ट खाटेवर टाकले. काय बोलणार होता तो? त्या दिवशी सकाळी मांडूच्या रस्त्यावर त्याने जे पाहिलं, ते या बायकोला सांगायचं तर वीस वर्षं छातीशी आवळून धरलेली एक गाठ सोडावी लागली असती, आणि ती गाठ सुटली की आपण पुरते विखरून जाऊ, असं भय त्या बिचाऱ्या जिवाला सतत वाटत आलं होतं!

सकाळी घडलं होतं ते इतकंच. एका किराणा व्यापाऱ्याच्या लोडिंग गाडीवर तो ड्रायव्हर होता. मांडूला जाणाऱ्या रस्त्यावरच्या ढाब्यांना मक्याचं पीठ आणि तेलाचे डबे पोचवायचे, हे त्याचं रोजचं काम. आज एक नवीन गिऱ्हाईक होतं. छपराखाली चार टेबलं, बाहेर गोवऱ्यांचा विस्तव, आणि त्या विस्तवावर पानांत गुंडाळलेले मक्याच्या पिठाचे जाड रोट, म्हणजे पानिये, भाजत बसलेला एक पाठमोरा माणूस. सुभाषने पोतं खांद्यावरून उतरवलं. तो माणूस वळला, आणि त्याच्या सदऱ्याची उजवी बाही कोपराखाली रिकामी दुमडून टाचणीने अडकवलेली सुभाषला दिसली...

तुकाराम!

सुभाष पाठ फिरवून जो निघाला तो थेट मालकाच्या दुकानात. गाडीची किल्ली गल्ल्यावर ठेवली, आणि घर गाठून पेटी ओढली.

वीस वर्षांपूर्वी सुभाष देवासच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होता. त्याचे वडील नारायणराव हिरवे तरुणपणी साताऱ्याकडून देवासला आले ते त्याच कारखान्यात. तीस वर्षं मशीनवर उभं राहून, एकही डाग लागू न देता ते निवृत्त झाले. आई लवकर गेली. तेव्हा धाकटा योगेंद्र नऊ वर्षांचा होता. त्याच्या दप्तराचे पट्टे शिवण्यापासून त्याला आवडतो तसा पोह्यांवर शेव-कांदा पसरून देण्यापर्यंत सारं काही सुभाषने केलं, आणि मोठा झाल्यावर त्याला चिकटवलंही आपल्याच खात्यात. योगेंद्रची नोकरी पक्की व्हायला आठवडा राहिला होता, लग्नही ठरलं होतं. त्या दिवशी प्रेस मशीन सफाईसाठी बंद होती. तुकाराम नावाचा कामगार आत हात घालून डाय, म्हणजे लोखंडी साचा, पुसत होता. योगेंद्र फोनवर कुणाशी तरी हसत बोलत आला, न बघताच त्याने बटण दाबलं, आणि...

ती किंकाळी सुभाषच्या कानातून कधी गेलीच नाही.

सगळे धावत आले तेव्हा मशीनजवळ दोघे भाऊ उभे होते. "कुणी चालू केली?" मोठ्या साहेबांनी विचारलं. योगेंद्रचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. आणि सुभाषच्या तोंडून, विचार करायलाही सवड न मिळता, शब्द निघून गेले, "मी केली, साहेब."

नोकरी गेली. कोर्टाच्या खेपा झाल्या. पण त्याहून मोठा घाव बसला तो घरात. नारायणरावांनी त्याला दारातच उभं केलं. "माझ्या साऱ्या उमरीत माझ्या शिफ्टला कुणाच्या नखाला धक्का लागला नाही, आणि तू गरिबाचा हात घेतलास! या घरात तुला जागा नाही!" दारामागे पडदा मुठीत धरून योगेंद्र उभा होता. सुभाषने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. बोल, योगू... एक शब्द बोल... योगेंद्रने मान खाली घातली. सुभाषने नलिनीचा हात धरला, दोन वर्षांच्या किमयाला कडेवर घेतलं आणि तो निघाला. तो जो निघाला, तो कुठे म्हणून टेकला नाही! नव्या गावात चार-सहा महिने बरे जायचे. मग कुणीतरी देवासचं नाव काढायचं, एखाद्या गिरणीतून मशीनचा धडधडाट यायचा, आणि त्याच्या अंतःकरणात काहीतरी उचंबळून उठायचं. जेवताना घास अर्धा टाकून उठायचं, देवळात गेला तरी खांबाला टेकायचं नाही, पाहुण्यांकडे गेला तर खुर्चीच्या कडेवर बसायचं. झोप म्हणावी तर तीही सशाची. नलिनीला वाटे, नवऱ्याला त्या अपघाताचा पश्चात्ताप छळतो आहे. ती माउली गप्प राहून त्याच्या मागे मागे फिरत राहिली. आज मात्र ती पेटीवरून उठली नाही. संध्याकाळची बस त्यांना न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली.

"सुभाषभियांचं घर हेच का?"

माळव्याच्या बोलीत भैयाला भिया म्हणत दारात तुकाराम उभा होता. डाव्या खांद्याला पिशवी, पिशवीत पानांत बांधलेले गरम पानिये. सुभाष भिंतीला टेकून उभाच राहिला. नलिनीने त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. पण रिकामी बाही दिसताच तिला सारं उमगलं, आणि पदर डोक्यावर ओढून तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"भाऊ... माझ्या नवऱ्याचा अपराध पोटात घाला हो! वीस वर्षं त्या माणसाने सुखाचा घास गिळलेला नाही. तुमचा हात आम्ही कुठून आणून द्यायचा..."

"वहिनी! हे काय करताय? उठा!" तुकाराम दोन पावलं मागे सरला. त्याचे डोळे भरून आले. "उलटं झालंय सगळं. माफी मागायला तर मी आलोय!"

तो जोत्यावरच बसला.  मग सुभाषकडे पाहून, एकेक शब्द जड दगडासारखा उचलून ठेवावा तसा, तो म्हणाला, "सुभाषभिया, त्या दिवशी बटण कुणी दाबलं ते मी पाहिलं होतं."

 पुस्तक हातात घेऊन किमया उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"माझी मान तिकडेच होती. योगेंद्रभियांचं बोट मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही तर पार दुसऱ्या टोकाला होता. दवाखान्यात पोलीस आले, विचारलं, कुणी केलं? तोपर्यंत तुम्ही कबूल केल्याचं कळलं होतं. एक शब्द बोललो असतो तर तुमची अब्रू वाचली असती. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, भिया. मला वाटलं, हिरव्यांच्या घरातला कुणी का जळेना, जळू दे! म्हणून मीही म्हणालो, हो, सुभाषनेच केलं. माझा हात तुमच्या भावाच्या चुकीनं गेला. पण तुमचं घर... ते माझ्या खोटं बोलण्यानं गेलं."

नलिनी हळूहळू नवऱ्याकडे वळली. "म्हणजे... तुम्ही नव्हतात?"

सुभाषची मान खाली.

"वीस वर्षं! अहो, या वीस वर्षांत मलासुद्धा सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली नसतीस, नलू," तो कसाबसा पुटपुटला. "योगूचा संसार उधळला असता."

"आणि माझा?" एवढंच म्हणून तिने पदर तोंडात कोंबला, आणि ती आसवं इतक्या वर्षांची होती की किमयाने जवळ घेऊनही ती थांबेनात.

तुकाराम सांगत राहिला. हात गेल्यावर तो धारला बहिणीकडे आला. जगावंसं वाटत नव्हतं. जखम चिघळली म्हणून दवाखान्यात पडला होता तेव्हा एक म्हातारी ख्रिस्ती नर्सबाई रोज ड्यूटी संपल्यावर त्याच्या खाटेशी बसायची. उपदेश नाही, काही नाही, नुसती त्याच्यासाठी प्रार्थना करायची. एक दिवस त्याने चिडून विचारलं, माझा हात येणार आहे का तुमच्या प्रार्थनेनं? ती म्हणाली, हात नाही येणार रे बाळा, पण मुठीत जे घट्ट धरून बसलायस, ते सुटेल. "मी म्हटलं, बाई, मूठ कुठाय मला? आणि मग माझं मलाच रडू आलं... कारण मूठ होती, भिया. दिसत नव्हती, पण होती. त्या बाईच्या येशूपुढे ती उघडायला मला सहा वर्षं लागली. योगेंद्रभियांना मी तेव्हाच क्षमा केली. पण तुमचं ऋण राहिलं. देवासला दोनदा जाऊन आलो, तुमचा पत्ता कुणी सांगेना. काल तुम्ही पोतं टाकून पळालात, तेव्हा मी देवाचे पाय धरले की बाबा, आता हा माणूस हातचा जाऊ देऊ नकोस. मालकाकडून पत्ता काढला. मला... मला क्षमा कराल?"

सुभाष पुढे झाला. त्याने तुकारामला उठवून मिठी मारली. "क्षमा कसली मागता! झालं गेलं सारं संपलं, तुकारामभिया. माझ्या मनात तुमच्याबद्दल कधीच काही नव्हतं."

"आणि योगेंद्रभियांबद्दल?"

सुभाषचे हात गळून पडले. तो वळला, चपला न घालताच बाहेर गेला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथे त्याला प्रथमच आपल्या अंतरीचं खरं रूप दिसलं, आणि त्या दर्शनाने तो हादरून गेला. भावासाठी आपण त्याग केला, असं तो आजवर मानत आला होता. पण त्याग करून तो मोकळा झाला होता कुठे? रोज सकाळी उठून त्याने वाट पाहिली होती, की आज योगेंद्र येईल, पाय धरेल, वडिलांपुढे, अण्णांपुढे, सत्य सांगेल. रोज संध्याकाळी तो न आल्याचा एक नवा निखारा त्याने उरात ठेवला होता. गावं बदलली, खोल्या बदलल्या, निखारे मात्र तो सोबत घेऊन हिंडत होता!

रविवारी सकाळी नलिनीच म्हणाली, "तुकारामभाऊंनी चर्चला बोलावलंय. चला."

"तिथं जाऊन काय होणार?"

"गावं बदलून काय झालं?" ती शांतपणे म्हणाली. "हेही करून पाहा."

चर्च जुनं होतं, दगडी, उंच छताचं, बाहेर कडुलिंब. सुभाष शिरस्त्याप्रमाणे अगदी शेवटच्या, दाराजवळच्या बाकावर बसला, मनात आलं तर निघून जाता यावं म्हणून. आराधना हिंदीतून चालली. गाणी झाली. मग बळवंतराव मास्तर नावाचे एक वृद्ध गृहस्थ बोलायला उभे राहिले. घरची भाषा मराठी, पण साऱ्या हयातीत शाळेत हिंदी शिकवलेली. दाराजवळ नवे मराठी चेहरे पाहून मास्तर हिंदीतून केव्हा मराठीत शिरले ते त्यांनाही कळलं नसावं.

"बैलाला या गोठ्यातून त्या गोठ्यात बांधलं, म्हणून त्याच्या मानेवरचं जू उतरत नाही. जू उतरवणारा धनी भेटावा लागतो. प्रभू येशू दुसरं काय सांगतो? दमलेल्या, ओझ्यानं वाकलेल्या माणसाला तो नुसतं म्हणतो, ये माझ्यापाशी. आधी चांगला हो, मग ये, असं म्हणत नाही. दमलायस ना? मग ये! आणि हे म्हणायचा त्याला अधिकार आहे, कारण त्यानं स्वतः न केलेल्या अपराधाचा दोष अंगावर घेतला होता. कुणी येऊन आपले पाय धरील याची तो वाट बघत बसला नाही. खिळे ठोकणारे समोर उभे होते, आणि तो त्यांच्यासाठीच क्षमा मागत होता."

न केलेल्या अपराधाचा दोष... सुभाष बाकावर सरळ बसला. म्हणजे हे दुःख जाणणारा कुणीतरी आहे! आजवर त्याला वाटत होतं, या पृथ्वीवर आपलं हे मूक ओझं समजणारं कुणी नाही. आणि इथे, या दगडी भिंतींत, दोन हजार वर्षांपूर्वी तेच ओझं याहून शतपट वाहून गेलेल्या एकाची गोष्ट चालली होती. तो एक मात्र ओझं वाहून कडवट झाला नव्हता... सुभाषच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही भान त्याला राहिलं नाही. पुढे मास्तर काय बोलले ते त्याला कळलं नाही. त्याने बाकाच्या पाठीला डोकं टेकवलं, आणि...

जाग आली तेव्हा चर्च रिकामं होतं. उन्हाची तिरीप समोरच्या भिंतीवर चढली होती. त्याच्या डोक्याखाली कुणीतरी शाल घडी करून ठेवली होती, पलीकडच्या बाकावर नलिनी होती आणि तिच्याशेजारी बळवंतराव मास्तर डब्यातलं काहीतरी खात होते.

"किती वाजले?" सुभाष दचकून उठला.

"अडीच," नलिनी हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "चार तास झोपलात. घोरलात सुद्धा!"

"माफ करा, मास्तर..." तो ओशाळला.

"अहो, माझ्या बोलण्यावर झोपणारे मी पुष्कळ पाहिले," मास्तर म्हणाले, "पण इतकं मनापासून झोपणारे तुम्हीच पहिले! लोकांना म्हटलं, हळू चला, चपला हातात घ्या. देवाच्या घरी आलेल्या पाहुण्याला उठवायचं नाही."

सुभाषने शालीची घडी मांडीवर घेतली. मग लहान मुलासारखं विचारता झाला, "मास्तर, ते ओझं त्याच्यापाशी ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं हो?"

"त्याला सांगायचं. आपल्या साध्या बोलीत. तो ऐकतो."

सुभाषने हात जोडले.  "येशू... मी फार दमलोय रे. योगूला माफ करायला मला जमत नाही. खूप वर्षं जमलं नाही. तूच कर. माझ्यातून तू कर. मला विसावा दे." आणि मग शब्द संपले. तो रडला, ओक्साबोक्शी रडला! पण त्या रडण्यात जाळ नव्हता. भरलेला माठ कुणीतरी अलगद डोक्यावरून उतरवून घ्यावा, तसं त्याचं मस्तक हलकं झालं होतं.

सोमवारी तो तुकारामच्या ढाब्यावर गेला. विस्तवापाशी बसून त्याने नलिनीच्या चुलतभावाकडून मिळवलेला नंबर लावला. तिकडून साहेबी थाटाचा आवाज आला, "हॅलो?"

"योगू, दादा बोलतोय."

तिकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"घाबरू नकोस. तुकारामभिया भेटलेत मला. त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी तुला केव्हाच माफ केलंय. मीही... मी फार रागावलो होतो रे तुझ्यावर. आता नाही. तुझ्याकडून मला काही नको. अण्णांना काही सांग असंही मी म्हणत नाही. एवढंच सांगायला फोन केला. जप स्वतःला."

एक हुंदका आला, आणि फोन बंद झाला.  पूर्वीचा सुभाष असता तर त्याने त्या बंद झालेल्या फोनचाही एक निखारा केला असता. आता तो उठला आणि पिठाचं पोतं आत नेऊन ठेवलं. तुकारामला दोन हातांचा माणूस हवाच होता. त्या दिवसापासून सुभाष तिथेच कामाला राहिला. दर रविवारी तो चर्चला जाऊ लागला, आणि हळूहळू त्याने येशूला आपला प्रभू म्हटलं. नलिनीने आपला देव्हारा होता तिथेच ठेवला. सुभाषने तो हलवायला सांगितलं नाही. पण जेवणाआधी तो डोळे मिटून आभार मानायचा तेव्हा तीही शेजारी हात जोडून थांबायची, कारण हा माणूस आता ताटावरून अर्ध्यात उठत नाही, हे ती रोज पाहत होती.

तीन आठवडे गेले. दिवाळी उलटून गेली होती, मांडूला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी होती. त्या दिवशी रविवारची आराधना आटोपून नलिनी आणि किमयाही मदतीला आल्या होत्या. भर दुपारी देवासच्या नंबरची एक पांढरी मोटार छपरासमोर थांबली. मागच्या दारातून आधी एक काठी बाहेर आली, मग पांढरं धोतर... आणि सुभाषच्या हातातला पाण्याचा जग तिथेच राहिला.

अण्णा!

चौऱ्यांशी वर्षांचे नारायणराव वाकले होते, पण नजर तीच होती. ते सुभाषकडे गेले नाहीत. काठी टेकत टेकत ते आधी विस्तवाजवळ उभ्या तुकारामपाशी गेले.

"तुकाराम, मी नारायण हिरवे. तुझा हात माझ्या घरानं घेतला. मी तुला न्याय दिला अशा घमेंडीत वीस वर्षं जगलो, आणि शिक्षा करत होतो ती निरपराध पोराला. तुझा मी दुहेरी अपराधी आहे."

"अण्णा, मीही तेव्हा खोटं बोललो होतो. आपण सगळेच..." तुकारामने त्यांचा हात धरला. "आधी सावलीत तर या."

नारायणराव मग सुभाषकडे वळले.  त्यांनी काठी बाजूला टाकली आणि सर्वांच्या देखत ते वाकू लागले. सुभाष धावला, त्याने त्यांना मधेच धरलं.

"अण्णा! हे काय करताय!"

"सोड मला. बाप म्हणून नाही वाकत मी. चुकलेला माणूस म्हणून वाकतोय! सारं आयुष्य मशीनचा प्रत्येक आवाज ओळखला रे... आणि पोटच्या पोराचा खोटा आवाज मला ओळखता आला नाही. 'मी केली' म्हणालास, आणि मी ते खरं मानलं!"

"तुम्ही खरं मानावं म्हणूनच तर म्हटलं होतं, अण्णा," सुभाष रडत रडत हसला आणि त्याने त्या वृद्ध देहाला छातीशी धरलं.

मोटारीच्या दाराशी योगेंद्र उभा होता. केस पिकले होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. नलिनीने त्याला पाहिलं. तिच्या ओठांवर वीस वर्षांचे शब्द येऊन थडकले असतील. पण ती बाजूला झाली आणि तिने त्याला वाट दिली. तो आला आणि सुभाषच्या पायांशी कोसळलाच.

"दादा, त्या दिवशी फोनवर तू शिव्या दिल्या असत्यास तर मला बरं वाटलं असतं! मी मनाला समजावलं असतं की दादानेही बदला घेतला, फिटंफाट झाली. पण तू म्हणालास, तुझ्याकडून मला काही नको... त्यानंतर अण्णांच्या समोर बसून मला घास जाईना. परवा सगळं सांगून टाकलं. काल कारखान्यातही लिहून दिलंय, बटण मी दाबलं होतं, दादाने नाही. आता नोकरी राहो की जावो... मी भ्याड आहे, दादा. जन्माचा भ्याड!"

"भ्याड असतास तर आज आला नसतास," सुभाषने त्याला उठवलं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "योगू, वेड्या... किती वाळलास रे!"

योगेंद्र तुकारामसमोर उभा राहिला. त्याची नजर त्या दुमडलेल्या बाहीवर खिळली. तुकारामनेच ते अवघडलेपण मोडलं.

"योगेंद्रभिया, दोन्ही हात धडधाकट आहेत ना तुमचे? मग असे उभे काय राहिलात? या इकडे, पानिये उलटा. एक बाजू जळायला लागलीय!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही की हसावं की रडावं. मग किमयाच खुदकन हसली, आणि तुकारामची बायको रुक्मिणी चिमटा घेऊन आली. कारखान्यात आता मोठा साहेब झालेला योगेंद्र गोवऱ्यांच्या धुरात उकिडवा बसला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या धुराच्या की कशाच्या, कोण विचारणार?

नारायणराव टेबलाशी बसले. नलिनीने समोर वाढलं, दाल, पानिये, वर तुपाची धार, कांदा. त्यांनी किमयाला जवळ बसवून घेतलं. दोन वर्षांची असताना पाहिलेली ही नात आता नर्स होणार होती! थोड्या वेळाने ते अडखळत म्हणाले, "ऐकलं मी... तू चर्चला जातोस म्हणे."

 "हो, अण्णा. जातो."

म्हाताऱ्याने ताटातला कांदा एका बाजूला सारला. साऱ्या जन्माचे संस्कार, रोजची पूजा, रोजचं स्तोत्र... त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल!

"तिथं तुला झोप लागली, असं सूनबाईच्या चुलतभावाकडून योगूला कळलं."

"लागली, अण्णा. आता घरीही लागते. ज्यानं मला विसावा दिला, त्याला मी सोडणार नाही."

"सोड म्हणून मी कोण सांगणार?" नारायणराव सावकाश म्हणाले. "तुझ्या बापानं तुला उन्हात काढलं, आणि त्यानं सावलीत घेतलं. त्याला माझाही नमस्कार सांग." मग घसा खाकरून, जुन्या करारी आवाजात, "पण देवासचं घर तुझं आहे. गुढीपाडव्याला सगळ्यांनी यायचं. हे विचारत नाहीये मी, सांगतोय."

"येऊ, अण्णा. चार दिवस राहू, आणि परत येऊ. माझं काम आता इथं आहे."

नलिनीने हे ऐकलं. वाढता वाढता तिने सुभाषकडे पाहिलं, आणि मग पळी घेऊन पटकन आत गेली, कारण सासऱ्यासमोर रडणं तिला कधी आवडलं नव्हतं.

योगेंद्रने भाजलेले पानिये आले, अर्धे काळे, अर्धे कच्चे. तुकाराम पाणी देत होता, रुक्मिणी कांदा चिरत होती, आणि सुभाष नेहमीच्या सवयीने जग हातात घेऊन या टेबलाकडून त्या टेबलाकडे फिरत होता. नारायणरावांनी घास तोंडाजवळ नेला आणि तो तसाच ताटात परत ठेवला. त्यांनी शेजारची खुर्ची काठीने ओढून पुढे केली.

"सुभाष."

"काय हवं, अण्णा?"

"काही नको. तू बस. तुझ्याशिवाय मला गिळवत नाही."

"मी नंतर जेवतो, अण्णा, गिऱ्हाईक आहे..."

"गिऱ्हाईक मी बघतो," तुकारामने त्याच्या हातातला जग काढून घेतला. "बसा, भिया."

आणि सुभाष बसला. खुर्चीच्या कडेवर नाही, पाठ टेकून, ऐसपैस, पाय पसरून. वडिलांनी आपल्या ताटातला एक पानिया मोडला, तुपात बुडवला आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला.